एकच फीत

किनवटला वनखात्याच्या कचेरीत
मी रोजंदारीवर जुन्या वह्या कॉम्प्युटरवर चढवते.
कातडी पुठ्ठा, कसरीची भोकं,
वर निजामाची मोहर, खाली
कुण्या उसन्या गोऱ्या साहेबाची सही.

डाव्या पानावर सागवान:
क्रमांक, घेर, उंची, घनफूट.
उजव्या पानावर आम्ही:
क्रमांक, डोकं, नाक, कातडीचा रंग.
फीत एकच होती.
समासात कुणीतरी लिहून ठेवलंय,
पावसानं फीत ताणली आहे, एक सूत मिळवून वाचावे.
झाडांना मिळवलंय.
माणसांना मिळवायचं राहिलं.

धर्माच्या रकान्यात सगळ्यांपुढं एकच शब्द,
जडपूजक.
खाली खाली नुसत्या टिंबांच्या जोड्या.

आमच्यात देवाला पेन म्हणतात.
पेन ऐनाच्या झाडात राहतो.
साल काढायची तर माझा काका आधी त्याला सांगायचा,
घेतो रे थोडी, लेकराला हगवण लागलीय.
साहेबाच्या हातातही पेनच होतं.
त्यानं ऐनापुढं लिहिलं,
हलके लाकूड, काढावे, जागा सागास द्यावी.
जीव नाही असं एकदा ठरलं
की कुऱ्हाडीला विचारायचं उरत नाही.

मागच्या पानावर पेन्सिलीनं हिशोब.
बाराशे स्लीपर, रेल्वेसाठी.
चाळीस फळ्या, जालना छावणीतल्या चर्चच्या बाकांसाठी.
बसले असतील रविवारी त्या बाकांवर,
ऐकलं असेल मान खाली घालून
की वस्तूंवर जीव लावू नये.
पॉलिश ताजं असेल. वास येत असेल
आमच्या रानाचा.

सतरावी ओळ. जंगू वल्द मारू, पेंदोर.
नाक अठ्ठ्याऐंशी. रंग भाजल्या विटेचा.
शेरा: मोळी सापडली, दोन महिने कैद.
हा माझ्या पणज्याचा बाप.
मी टाईप केलं, सेव्ह केलं,
आणि मग पाणी प्यायला उठले.

खिडकीतून सागाच्या रांगा दिसतात,
कवायतीला उभ्या केल्यासारख्या.
खाली गवताची काडी नाही.
पैनगंगा होळीच्या आतच दगड दाखवते.

पाखमोडे साहेब चांगले आहेत. म्हणाले,
बाई, नाकाचा रकाना गाळा, तो आता शोभत नाही.
रंगाचाही गाळा.
घेराचा ठेवा. तो लिलावाला लागतो.
आणि धर्माचा, मी विचारलं.
म्हणाले, यादी येते ना खाली, त्यातला एक निवडा,
रिकामा ठेवला तर पुढं जात नाही ते.

यादी वरपासून खालपर्यंत पाहिली.
पुन्हा पाहिली.
कर्सर तिथंच लुकलुकत ठेवून
डबा घेऊन कचेरीच्या मागं गेले.
एक ऐन आहे तिथं, कसा कोण जाणे राहिलेला,
हातोड्याचा ठसा सालीनं अर्धा गिळलाय.
पाठ टेकवून बसले.
प्लास्टिकच्या पट्टीनं स्वतःचं नाक मोजलं.
एक सूत मिळवलं.
आकडा त्याला सांगितला.