हद्द कायम

रामदासपेठेतला डॉक्टर म्हणाला,
कडेनं पेनची रेघ मारून ठेवा,
पुढच्या मंगळवारी कळेल, वाढतंय का.
मी हसले. एकोणीस वर्षं हेच करते, डॉक्टर,
फक्त दुसऱ्यांच्या जमिनीवर.

डाव्या दंडावर निळ्या बॉलपेननं काढलेला गट.
उत्तरेस खांदा, दक्षिणेस कोपर,
पूर्वेस ब्लाउजची शिवण, पश्चिमेस लसीचा जुना वण.
क्षेत्र दहाच्या नाण्याएवढं. पीक लाल.
मालकाचं नाव: कोरं.

मंगळवारी तो रेघेच्या बाहेर येऊन बसला होता.
अतिक्रमण, मी म्हणाले.
डॉक्टरनं मलम बदललं.

धंतोलीतल्यानं विचारलं, साबण कोणता, साडी नवी का, घरात मांजर?
मेडिकलमध्ये मसुरीएवढा तुकडा काढला माझा, दोन टाके घातले,
अठरा दिवसांनी कागद आला:
विशिष्ट असे काही आढळून आले नाही.
ही भाषा मी ओळखते. आमच्याच कार्यालयातली.
जुन्या नकाशाशी मेळ बसला नाही
की आम्हीही असंच लिहितो, खाली सही करतो.

भोयरबाई म्हणाल्या, वांगं सोड.
चुलतसासू म्हणाली, उष्णता हाये तुह्या अंगात बाप्पा, सब्जा खात जाय.
वरच्या मजल्यावरून कडुनिंबाचा पाला आला, पिशवीभर.
वांगं सोडलं, अंडी, शेंगदाणे, सावजीचा रस्सा.
त्यानं मला सोडलं नाही.

मे महिना त्यातल्या त्यात बरा.
सेहेचाळीस अंशांत सगळं नागपूर झाकलेलं असतं,
दुपट्टे, हातमोजे, गॉगल, कोणाचं काय कोणाला दिसत नाही.
जून संपला की लोक हात बघायला लागतात,
पैसे देताना बोटं लांबूनच सोडतात.

रात्री अडीच. कूलरमधल्या खसाचा ओला वास,
पाणी संपत आल्याची घरघर.
खाज दिवसा कागदावर असते,
रात्री प्रत्यक्ष जागेवर येते.
नखं कापलेली, तरी बोटांना पाऊलवाट पाठ.
आणि खाजवण्याचं ते सुख, कोणाला सांगू,
लाज वाटावी इतकं मोठं.
मग आग. मग चादरीवर तांबूस ठिपके.
मग सकाळी मिठाच्या पाण्यात चादर.

एकदा तेरा ट्यूबा खिडकीतून फेकल्या.
खाली जाऊन अकरा उचलून आणल्या.

हेमराज उठतो. फ्रीजमधली स्टीलची वाटी आणतो,
तिचं गार बूड पाठीवर टेकवतो, उचलतो,
पुढे टेकवतो, टपालावर शिक्के मारावेत तसे.
पोस्टातच आहे तो.
इथं? थोडं खाली. इथं?
हल्ली आमचं बोलणं एवढंच.
पुरतं असं नाही. पण नेमकं असतं.

काल हुडकेश्वरच्या पुढे मोजणी होती.
दोन भाऊ, मधे बांध, बांधावर एक बोर, तिच्यावरून सगळं.
मशीन लावलं, खुंट्या मारल्या.
थोरला सही करता करता मनगट खाजवत होता,
घड्याळ वर सरकवून, आतल्या बाजूनं.
कधीपासून? मी विचारलं.
दिवाळीपासून. कायचं आहे ते कोणीच सांगून नाही राहिलं.
मी बाही वर केली.
तो उन्हात बराच वेळ बघत राहिला,
शेजाऱ्याच्या शेतातलं पीक बघावं तसा,
मग म्हणाला, तुमचं जोरात हाये मॅडम.
पहिल्यांदाच कोणी माझ्याकडे
कीव न करता पाहिलं. मी खरंच हसले.
धाकट्याला वाटलं, आम्ही संगनमत केलं.

मालक सापडत नाही तेव्हा आम्ही वहिवाट विचारतो:
तिथे राबतं कोण, रात्रीची राखण कोणाची.
तेवढा रकाना मला भरता येईल.

कूलरमध्ये पाणी ओतायचं राहिलंय.
उद्या मंगळवार.
पेन कुठे ठेवलं मी?