कललेला शिक्का

नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, दिवाबत्ती विभागात,
फॉर्मवरचा सगळ्यात उजवीकडचा चौकोन माझा.
डावीकडे उपप्रमुख कुवाबारा, मग प्रमुख,
मग संचालक, मग उपमहापौर,
आणि शेवटी, भिंतीला टेकून बसल्यासारखा, महापौरांचा.

रुजू झालो त्याच दिवशी कुवाबारा-सान म्हणाले,
शिक्का सरळ मारायचा नसतो.
जरासा डावीकडे कलता,
म्हणजे कागदावरसुद्धा आपण वरच्यापुढे वाकलेले.
एकोणीस वर्षं माझं नाव असं तिरकं पडतंय.
घरी पार्सल घेतानाही कलतं, बायको हसते.

हात्सुए मिझोगुचींचा अर्ज मार्चमधला.
बंदराकडच्या पायऱ्यांवर दिवा हवा, एकच.
बासष्ट पायऱ्या, मोजून लिहिल्यात;
एकेचाळिसावी हलते, हेही.
चार टेबलं चढता चढता सप्टेंबर उजाडला,
मध्ये निवडणूक येऊन गेली.

नव्या महापौर आधी बालवाडीत शिकवायच्या.
काल कागद खाली उतरला
आणि त्यांचा शिक्का कललेला,
उजवीकडे.
आमच्याकडे. आमच्याही पलीकडे, समासात,
जिथे अर्जदाराचं नाव असतं.

विभागात कुजबुज. चुकून? घाईत?
कागद पुन्हा छापायचा का?
कुवाबारा-सान चष्मा पुसत राहिले,
बराच वेळ.

मी आजींना फोन लावला: मंजूर झालं.
त्या म्हणाल्या, बल्ब पिवळा लावा हं,
पांढरा डोळ्यांत घुसतो.
त्याला वेगळा अर्ज लागेल, मी म्हणालो,
आणि कोरा फॉर्म पुढ्यात ओढून
शिक्का हातात धरून बसलो.