फक्त मेंदी

तो वास नाकात थांबायचा नाही, थेट डोक्यात जायचा.
शेजारच्या झेरॉक्सवाल्याने दोनदा तक्रार केली,
तिसऱ्यांदा बायकोला घेऊन आला:
हिचेही कुरळे करा.

सहकारनगरात तेव्हा सगळ्यांनाच कुरळे हवे होते.
मी सकाळी नऊला कर्लर धुवायचे,
गुलाबी बारीक, निळे मध्यम, राखाडी जाड.
बोहरी आळीतून आणलेल्या बाटलीवरचं बारीक अक्षर
वाचायला तेव्हा चष्मा लागत नव्हता,
तरी वाचलं नाही.

जेवताना लिंबाचं लोणचं नको व्हायचं.
हातमोजा कुठे कुठे फाटलाय
ते त्याला बरोबर सापडायचं.

चित्रलेखा गद्रे बँकेतून हाफ डे टाकून आल्या.
भाच्याची मुंज रविवारी.
मी विचारलं, केसांना काही लावता?
"छे हो. फक्त मेंदी."
कानामागे थेंब लावून दोन दिवस थांबायचं असतं,
हे वाक्य मी गिळलं.
मुंज रविवारी होती, माझं भाडं सोमवारी.

पहिलं पाणी केसाच्या आतल्या गाठी सोडतं,
दुसरं त्या नव्या जागी बांधतं,
असं कोर्सला शिकवलं होतं.
मधल्या वेळात केस कुणाचाच नसतो,
हे नव्हतं शिकवलं.

दुसरं पाणी टाकलं
आणि सातवा कर्लर माझ्या बोटांना गरम लागला.
वाफ आली, कपभर चहावर येते तेवढीच.
मेंदी हिरवी नव्हती, काळी होती,
दहा मिनिटांत चढणारी, पुडीतली,
धातूचं काहीतरी घातलेली.
कर्लर सोडवायला गेले,
तो तसाच हातात आला, केसांसकट.
शिजलेल्या शेवईसारखे झालेले केस.

त्या आरशात बघत होत्या.
"झालं का?" म्हणाल्या.

नळाखाली डोकं धरलं. नळ गेला,
मग बादली.
आणखी चार आले.
कपाळाच्या कडेने लाल रेघ उठत गेली.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
त्यांनी ठरलेले पैसे मोजले, सुटे दहासुद्धा.
मी नको म्हणाले.
"काम केलंत ना," म्हणाल्या, आणि पावती मागितली.
पावतीपुस्तक मी कधी ठेवलंच नव्हतं.
कर्लरला लावायचा पातळ कागद घेतला,
लिहिलं: मिळाले.
शाई पसरली.

मग त्यांनी स्कार्फ घेतला.
कपाळावरून, कानांवरून, नाकावरून, मागे गाठ.
या शहरात तशा बाईला कुणी काही विचारत नाही.
उन्हाचं असेल म्हणतात, धुळीचं.
स्कूटी दुसऱ्या किकला सुरू झाली.

आता मी म्हणते, पुडी दाखवा.
मग कापसाचा बोळा, कानामागे, एवढंच.
परवा या.
निम्म्या येत नाहीत.
समोर नवीन पार्लर झालंय, काचेचं,
तिथे लगेच करून देतात.
रस्ता ओलांडताना त्या मागे वळत नाहीत.
मी मागून त्यांचे केस बघत राहते.