दाभोळ ते सोहार, फाईल तेविसावी

जेटीच्या चौथ्या पायरीवर दोन काड्या मिळतात,
तिसरी मिळते ती फेरीबोट पलीकडे गेल्यावर.
तेव्हाच मी पाठवते:
शहाण्णव एमबी, त्यात काशिरामकाकांचा मृदंग,
आणि मागे कुठेतरी आमच्या कुकरची एक शिट्टी,
जी काढता काढता मृदंगाची शाईच खरवडली जायला लागली,
म्हणून राहू दिली.

सोहारला तुझं घड्याळ दीड तास मागे.
बंदरातले कंटेनर मोजून तू खोलीवर येतोस,
चौघांत वरचा पलंग तुझा,
मांडीवर कीबोर्ड, दोनच सप्तकांचा,
त्यातला वरचा नी दाबला की बसूनच राहतो.
तसा एक नी आपल्या प्रत्येक चालीत आहे.

सुरुवातीला वाटलेलं, एकत्र वाजवू.
तू म्हणालास, एक, दोन, तीन.
तुझा तीन माझ्याकडे पोचला
तोवर मी सहावर.
हसलो. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा नाही हसलो.
मग ठरलं, आधी तू, मागून मी,
एकच कंपासपेटी दोघांत असावी तसं.

काकांना हेडफोन लावून टिकटिक ऐकवली.
"हे कोण ठोकतंय?" म्हणाले, नि काढून ठेवला.
नमनात मुरलेला हात तो, अंगात आलं की धावतो,
दर आवर्तनाला केसभर पुढे.
मी रात्रभर एकेक थाप उचलून रेघेवर बसवली.
सरळ झाली सगळी,
जाखडीतल्या पोरांना कवायतीला उभं केल्यासारखी.
तू ऐकलंस आणि दोन दिवस काही लिहिलं नाहीस.
मग एवढंच:
रेघा मी वाकवल्यात. काकांना राहू दे जसे आहेत तसे.

काका अजून विचारतात,
तो हमदुल्यांचा दानिश तालमीला येणार कधी,
का नुसता मागूनच वाजवणार, चोरासारखा?

स्क्रीनवर मात्र आपण शेजारी.
माझी जांभळी पट्टी, खाली तुझी हिरवी.
तुझी सोमवारची रात्र नि माझी गुरुवारची दुपार
एकाच उभ्या रेघेखालून सरकतात,
जणू एका सतरंजीवर बसून वाजवलंय.
खोटं आहे हे.
पण कान कुठे वार विचारतात.

काल तुझी अम्मी आली, पलीकडून,
माझ्या केंद्रात लाईटबिल भरायला.
पिशवीत सोडे, ओढणीला खाडीचं पाणी उडालेलं.
प्रिंटर अडकला होता.
तेवढ्यात मी हेडफोन तिच्या कानांवर ठेवला.
दचकली. मग दाराकडे बघत राहिली,
बोट लागत असल्यासारखी.
कुकरच्या शिट्टीला मान वळवली.
"यात माझा कुठला?"

मी हिरवी पट्टी दाखवली.
तिनं बोट आधी ओढणीला पुसलं,
मग टेकवलं, डावीकडून नेत नेत
जिथे तू चार मात्रा काहीच वाजवलेलं नाहीस
तिथे थांबली.
"इथं काय झालं त्याला?"

मी पावती दिली. सुटे वीस रुपये नव्हते, तिनं राहू दे म्हटलं.

रात्री चौथ्या पायरीवरून विचारलं तुला,
चार मात्रा रिकाम्या आहेत. भरू का?
बोट गेली, आली, परत गेली.
मग तुझं उत्तर:
नको.
खालच्या पलंगावरचा घरी बोलत होता तेव्हा.
म्हणून हात उचलले.