मयमय

काट्यावर कोणी उभं नसलं
तरी तो दीड किलो दाखवतो.
सिस्टर म्हणते, तेवढं मनातल्या मनात वजा करा.
आम्ही करतो.

नऊ तारीख. उपकेंद्राचा व्हरांडा.
फरशीवर पाय लांब करून बसलोय पाचजणी.
समोरच्या आवारात कोणाची तरी तूर निघतेय,
कुटाराची धूळ नाकात गेली
की एक तरी उठते, पदर तोंडाशी धरून
नालीकडे धावते.
"मयमय होते काय व?" पपिता जागेवरूनच विचारते.
"होते न."
"होऊ दे. मले पह्यल्या वक्ती झालीच नाई,
अन् ते राह्यलं नाई."
मग जीभ चावते. बोरांची पिशवी पुढे सरकवते.

मी दारव्ह्याला डी.एड. केलं.
तिथल्या मॅडमनी माझ्याकडून वहीभर ळ लिहून घेतला होता:
केळ, बाळ, डोळा, काळजी.
वर्गात उभं राहून म्हणायचा, जीभ मागे वळवून.
दोन वर्षांत वळली.
आता या तिसऱ्या महिन्यात कळतं,
मळमळ म्हणायला जीभ उलटी करावी लागते
आणि जीभ उलटी केली की
उलटीच येते.
मयमय बरं. तोंड फार उघडावं लागत नाही.

सुकेशिनी चुलीची कड खरवडून खाते.
सासूला वाटतं, उंदीर.
रोहिणाला नवऱ्याच्या अंगाचा वास सोसत नाही,
तो बिचारा दोनदा आंघोळ करतो
आणि साबणाचा तर मुळीच सोसत नाही.
आम्ही हसतो. हसताना प्रत्येकीचा हात
आपापल्या पोटावर जातो, जिथे अजून
दाखवण्यासारखं काही नाही.

"तुयी तारीख कवाची?"
"पोयाच्या आगंमागं."
"पोयाले तं रपट्यावर पानी राह्यते."

यावर कोणी काही बोलत नाही.
बोराच्या बिया गालात तशाच.
पाचजणी बसल्या जागी
तो रपटा ओलांडून पाहतो, रात्री,
मोबाईलच्या उजेडात.

मग कोपऱ्यातून जैतू आत्राम, जी कधी बोलत नाही:
"माही लेक ट्रॉलीतच झाली. मधात.
कुटाराच्या पोत्यावर.
डायवरनं तोंड तिकडं केलं अन् रडत बसला,
मीच त्याले म्हटलं, दादा, उगी राहा."
"अन् पोरगी?"
"हाये न. कोंबड्या पिटायते दिवसभर."
"तू भेली नाई काय?"
"भेली न. भेतच झाली."

याने धीर आला की गेला, सांगता येत नाही.
रोहिणा दुसरं बोर घेते.

माझा नंबर.
काट्यावर चढते. सिस्टर आकडा वाचते,
दीड वजा करून लिहिते.
मागच्या खेपेचं मी व्हरांड्यात कोणाला सांगितलेलं नाही.
आठ आठवडे.
हा पुण्याहून येईपर्यंत
सगळं धुऊन वाळतसुद्धा घातलं होतं.
सिस्टरच्या वहीत ते दीड किलो नसतात.
मी मात्र वजा करत नाही.

ठोके ऐकायच्या यंत्राचे सेल संपलेत.
सिस्टर स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाचे काढते.
अकरा चाळीस झालेत, ते तसेच राहतात.
पोटावर थंड जेल. खरखर,
दूर मळणीयंत्र चालावं तशी.
मग धप्, धप्, सावकाश.
"हे तुयंच हाये," ती म्हणते, आणि हात सरकवते.
खरखर. पुन्हा मीच.
अजून थोडं खाली. खरखर.
"लहान हाये अजून. एवढ्यात नाई भेटत कोनाकोनाचं.
पुढच्या नऊ तारखेले पाहू."

बाहेर येते. चौघींच्या माना वर.
"आयकू आलं?"
"मायंच आलं," मी म्हणते.

पपिता सरकून जागा करते.
पिशवीत तळाशी तीन बोरं उरलीत,
त्यातलं एक किडकं.