चौदा नंबरची पट्टी

नोव्हेंबरात ट्रंक उघडली.
मोठ्या संघाच्या गेल्या सालच्या जर्सी, एकवीस,
आणि गोलकीपरच्या दोन, कोपरांवर विरलेल्या.
पाठीवरची नावं काढ शाबा, म्हणाले ऑफिसातून.
मी ब्लेडने खरवडली.
अक्षरं गेली, जागा गेली नाही:
ऊन लागलं नव्हतं तिथे कापड गडदच.
मग वरून पांढरी पट्टी मारली, डॉक्टरी, रुंदीची.
राखीव पोरांना नावं नसतात,
वहीत सुद्धा आकडेच.

कुडतरीच्या मैदानावर आमचे सामने दुपारी तीनला.
संध्याकाळ मोठ्यांची, दिवे मोठ्यांचे.
एकदा प्रेक्षक मोजले. एकोणीस.
त्यातला एक पंचांचा ड्रायव्हर, तो झोपलेला.
राष्ट्रीय लीग, असा फलक,
आणि फलकाच्या सावलीत आवेलिनामाय चणे घेऊन.
कोण जिंकतंय, कधी विचारत नाही.
"किती उरलं रे?" एवढंच.
मिनिटं विचारते की चणे, मला कळलेलं नाही.

पुण्यात हरलो.
बेंगळुरूहून परतताना अनमोड घाटात बस बसली,
पोरांनी बॅटरीच्या उजेडात बॉल उडवत रात्र काढली,
क्लेन्सियोने एक दरीत घालवला.
तो मी हिशेबात "फुटला" असा लिहिला.
प्रज्योत बारावीची प्रॅक्टिकल बुडवून आलेला,
घरी सांगून आला होता की कॅम्प आहे.
आणि चौदा नंबर रेमा, मिझोरामचा,
डावा पाय असा, की बॉल थांबून त्याचं ऐकतो.
त्याला शीतकडी फिकी लागे.
माझ्या बायकोने त्याच्यासाठी खरडा कुटायला घेतला,
पहिल्यांदा चाखून तो म्हणाला, घर.
एवढा एकच मराठी शब्द त्याला यायचा.

मार्चमध्ये बांधाबांधाने मिरची वाळत पडली,
मैदानाच्या रेषेला लागून, लाल, चटयांवर.
प्रज्योतचा शॉट सरळ मिरचीत.
क्लेन्सियोने ग्लोव्हजनी उचलून आणला,
मग घाम पुसला.
सतरा मिनिटं खेळ बंद.
डोळे धुवायला पाणी मी नेत होतो,
समोरच्या संघाचा गोलकीपरसुद्धा हसत होता,
आणि आम्ही त्या दिवशी जिंकलो, दोन-एक.
हंगामातला दुसरा विजय. तिसरा आला नाही.

एप्रिलात, शेवटच्या सामन्याला, ॲश्ली कुलासो आला.
मोठ्या संघाचा, तेहतीस वर्षांचा, गुडघा शिवलेला.
साठ मिनिटं खेळवून बघा, असा वरून निरोप.
जागा एकच, डावीकडची.
रेमाने न विचारता जर्सी काढली
आणि घडी करून दिली, जशी मी करतो तशी.

ॲश्लीने ती घालताना कॉलर चाचपला.
कॉलरच्या आत उसवलेली शिवण, तिरकी, काळ्या दोऱ्याने.
"ही मी शिवली होती," म्हणाला,
"हॉटेलात, झोप येत नव्हती तेव्हा."
मग हात मागे नेऊन पट्टीचं टोक शोधलं,
अर्धी सोडवली.
पाठ माझ्याकडे होती. मला अक्षरं दिसली, त्याला नाही.
काही सांगितलं नाही मी.
त्याने पट्टी तशीच परत दाबली, अंगठ्याने,
लहान मुलाच्या जखमेवर दाबतात तशी.

तो खेळला एकेचाळीस मिनिटं.
मग स्वतःच हात वर केला, बदलीचा,
रेषेवर येऊन जर्सी ओढून काढली,
ओली, रेमाच्या अंगावर टाकली.
पंच ओरडले की हे नियमात नाही,
चौथा अधिकारी आला नव्हता, मग चाललं.
वहीत चौदा नंबर पूर्ण वेळ खेळला.
कोण, ते विचारायला वहीत रकानाच नाही.

बरोबरी. सहा संघांत पाचवे.
रात्री धुतलं सगळं, सोलांच्या दोरीवर वाळत घातलं.
पट्टी सुटली ती बादलीच्या काठाला चिकटली.
बायको म्हणते, काढून टाका ती घाण.
काढीन.
नवी आणायला रेमाच गेलाय मडगावला,
ऑफिसने पैसे दिले नाहीत, त्याने विचारलेही नाहीत.