आठ मिनिटं

भांगाचे दिवस आहेत, पाणी फार चढणार नाही,
असं बेकरीतल्या सोलेननं सांगितलं, सुटे पैसे मोजता मोजता.
तरी मी तिपाई रोवली कालवांच्या शिंपल्यांच्या ढिगावर.
ब्रिटनीच्या या खाडीतल्या चिखलाचा भरवसा नाही,
मागच्या खेपेला त्यानं माझा एक बूट ठेवून घेतला.

होडी एका कुशीवर.
एके काळी ट्यूनामागे पार बिस्केच्या उपसागरात जायची म्हणे,
आता फळ्यांमधून पलीकडचं दिसतं:
चर्चचं टोक, दोन बगळे,
कुणाच्या तरी दोरीवर उलटा टांगलेला पिवळा रेनकोट.
नाळेवर नावाची तीन अक्षरं उरलीत,
त्यांतून कुठलंही नाव होऊ शकतं, किंवा काहीच नाही.

लेन्सवर काळी काच चढवली.
आठ मिनिटं.
एवढ्या वेळात पाण्याचं धुकं होतं,
ढगांचे ओरखडे होतात,
न हलणारं तेवढं राहतं.

दुसऱ्या मिनिटाला जिल्दास आला.
मांड्यांपर्यंत बूट, हातात पक्कड, मागे कुत्रा.
मला बघून मान डोलावली
आणि थेट माझ्या फोटोत चढला.
ओरडणार होते.
पण शटर उघडं असलं की मी श्वासही जपून घेते,
सवय.

कुत्र्यानं डेकवर उन्हाचा तुकडा शोधला,
स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या, झोपला.
जिल्दास खिळे काढत होता. तांब्याचे.
कालव उघडावं तसा
मनगटाचा एक झटका, आणि खिळा खिशात.

विकायला? मी हळूच विचारलं.
छे. नवीन होडीला.
कुठेय ती?
गॅरेजमध्ये. अजून नुसता कणाच आहे.
मग थोड्या वेळानं, न विचारता:
वडील होते हिच्यावर. मासे नाही पकडले कधी,
कांदे चिरायचे. चौदा माणसांचे कांदे.
घरी आले की आई त्यांना अंगणात उभं करायची,
वास जाईपर्यंत.
सत्तावीस झाले, तीनशे लागतात.

शटर मिटलं.
छोट्या पडद्यावर होडी आली, एकेक फळी स्पष्ट.
पाणी दुधासारखं, बगळे गायब.
कुत्रा आहे,
थोडा विरळ, कानातून डेकची फळी दिसते, पण आहे.
जिल्दास कुठेच नाही.
तो होता तिथे हवा जरा मळलेली, बस.

तो उतरून आला, ओले हात पाठीमागे धरून वाकून बघितलं.
बरं झालं, म्हणाला, पोलिसांना पुरावा नको.
मग बराच वेळ काही बोलला नाही.
बिन्यू छान आलाय.

पाणी ढिगाच्या पायाशी लागलं होतं.
सोलेनचा अंदाज नेहमीसारखाच चुकलेला.
मी म्हटलं, परत एक घेऊ, तुम्ही फक्त हलू नका.
आठ मिनिटं?
हो.
त्यानं होडीकडे बघितलं, मग पक्कडीकडे.
तिला जमतं ते, म्हणाला,
मला अजून दोनशे सत्तर काढायचेत.